वसंतातले बर्फाचे वादळ आणि शून्याच्या आसपासचा घरसंसार

थंड प्रदेशांत मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घराघरांत हिवाळ्याची आवराआवर सुरू झालेली असते. जाड कोट कपाटात मागे सरकतात, बर्फ उपसण्याचे फावडे कोपऱ्यात जाते आणि मुले हलक्या जॅकेटसाठी हट्ट धरू लागतात. अशातच एखाद्या संध्याकाळी साधा, संथ पाऊस सुरू होतो. वारा नसतो, गडगडाट नसतो, तापमापक उणे एक अंश दाखवत असतो. सकाळी पडदा सारून पाहावे तर अंगणातली प्रत्येक काडी, प्रत्येक तार आणि कुंपणाची जाळीसुद्धा काचेच्या साच्यात घातल्यासारखी दिसते. फांदीच्या टोकाला नुकतीच फुगलेली कळी त्या काचेच्या आत असते, आणि तिच्यावरचे खवले मोजता यावेत इतकी ती स्वच्छ दिसते. दृश्य सुंदर असते यात शंका नाही. पण घरातला फ्रिज केव्हापासून गप्प झाला आहे, हे साधारण त्याच सुमारास लक्षात येते.

मराठीत आकाशातून पडणारे पांढरे, भुसभुशीत हिम आणि पाणी गोठून झालेला कडक पदार्थ या दोहोंनाही आपण सर्रास 'बर्फ' म्हणतो, आणि त्यामुळे 'बर्फाचे वादळ' म्हटले की डोळ्यांसमोर पांढरा झंझावात येतो. येथे ज्या वादळाविषयी लिहीत आहे त्यात बहुतेक वेळा पांढरे काही नसतेच. ही गारपीटही नव्हे, कारण गार मेघाच्या पोटातच गोठते आणि कडक होऊन खाली येते. या वादळात जमिनीपर्यंत येतो तो पाऊसच. तो गोठतो तो टेकल्यावर. म्हणून या लेखापुरते भुसभुशीत ते हिम आणि कडक तो बर्फ, असा भेद पाळू.

हा पाऊस तयार होण्यासाठी हवेचे तीन थर एकावर एक रचले जावे लागतात. सर्वांत वर थंड हवा असते आणि तेथे हिमकण तयार होतात. ते खाली येताना मध्ये शून्याच्या वर तापमान असलेल्या उबदार थरात शिरतात आणि वितळून पाण्याचे थेंब होतात. त्याखाली, जमिनीला चिकटून, पुन्हा शून्याखालच्या थंड हवेचा एक पातळ थर पसरलेला असतो. तो थर जाड असता तर थेंब वाटेतच गोठले असते आणि जमिनीवर टपटप उड्या मारणारे बर्फाचे बारीक दाणे पडले असते. थर पातळ असल्यामुळे थेंबाला गोठायला वेळ मिळत नाही. शून्याखाली गेलेले पाणी तरीही पाणीच राहू शकते, कारण बर्फाचा स्फटिक जमायला काहीतरी आधार लागतो आणि पडत्या थेंबात तो सहसा मिळत नाही. असा अतिशीत थेंब फांदीला, तारेला किंवा पायरीला टेकताच पसरतो आणि पसरता पसरता गोठतो. म्हणूनच हा बर्फ पारदर्शक आणि पृष्ठभागाला घट्ट चिकटलेला असतो.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, ती म्हणजे हा पाऊस स्वतःच स्वतःला थांबवू पाहतो. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते, आणि लाखो थेंब गोठू लागले की जमिनीलगतची हवा हळूहळू शून्याकडे सरकते. बाहेरून थंड हवेचा पुरवठा होत नसेल तर काही तासांत प्रकरण साध्या पावसावर निभावते. पुरवठा चालू राहिला तर मात्र वादळ लांबते. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात नेमके हेच होते: ईशान्येकडून येणारा थंड वारा खोऱ्याच्या तळाशी वाहत राहतो आणि दक्षिणेकडून येणारी उबदार, दमट हवा त्याच्यावरून सरकत जाते. जानेवारी १९९८ मध्ये ही रचना जवळजवळ सहा दिवस टिकली, माँट्रियलच्या दक्षिणेकडच्या काही भागांत १०० मिलिमीटरहून अधिक असा पाऊस पडला, सुमारे एक हजार पोलादी मनोरे कोसळले, आणि 'काळा त्रिकोण' म्हणून ओळखल्या गेलेल्या पट्ट्यातली काही घरे महिनाभर विजेविना राहिली.

ते ऐन हिवाळ्यातले वादळ होते. पण मार्च १९९१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर परिसरात, ५ एप्रिल २०२३ रोजी माँट्रियलमध्ये आणि मार्च २०२५ च्या अखेरीस मिशिगनच्या उत्तर भागात व ऑन्टारियोत आलेली वादळे हिवाळा सरत असतानाची होती. या दिवसांत दक्षिणेकडची हवा उबदार होऊन उत्तरेकडे चढू लागलेली असते आणि उत्तरेची जड, थंड हवा मात्र सखल भागातून हटायला तयार नसते. म्हणजे तीन थरांची ती रचना जुळून येण्याजोगे हवामान मोसमाच्या या टोकालाही असते.

वसंतातल्या वादळाचा खरा कावा निराळाच आहे. ढगांआडून का होईना, सूर्य आता वर आलेला असतो, आणि काळा डांबरी रस्ता ती ऊब शोषून शून्याच्या किंचित वर राहतो. रस्ता नुसता ओला दिसतो आणि त्याच्याच काठची झाडे बर्फाने वाकत असतात. मग माणूस बेधडक गाडी काढतो आणि पुलावर घसरतो, कारण पुलाला खालूनही थंड हवा लागते आणि तो आधी गोठतो. दाराबाहेरच्या लाकडी पायरीचेही तेच. अंगणातला रस्ता ओला आहे म्हणून पायरीही ओलीच असेल, हा अंदाज या दिवसांत हातपाय मोडणाऱ्या अंदाजांपैकी एक आहे. अशा पायरीवर पाय पूर्ण टेकवत, छोटी पावले टाकत आणि हात खिशाबाहेर ठेवून उतरावे. मीठ आधीच टाकलेले असेल तर उत्तम, कारण शून्याच्या आसपास ते चांगले काम करते.

आता वजनाचे गणित. एक सेंटिमीटर जाडीच्या तारेभोवती चहूबाजूंनी एक सेंटिमीटर बर्फ चढला तर तारेच्या प्रत्येक मीटरवर साधारण अर्धा किलो भार वाढतो. थर दोन सेंटिमीटरचा झाला की हाच भार जवळजवळ पावणेदोन किलो होतो. जाडी दुप्पट आणि वजन तिप्पट, कारण बाहेरचे प्रत्येक नवे वेष्टन आधीच्यापेक्षा मोठ्या परिघावर चढते. दोन खांबांमध्ये चाळीस मीटर अंतर धरले तर एका तारेवर सुमारे सत्तर किलो, म्हणजे एक धडधाकट माणूस लोंबकळत असल्यासारखे. पेन्सिलीपेक्षा बारीक डहाळीची अवस्था याहून बिकट होते. सेंटिमीटरभर बर्फाने तिचे वजन वीसपट होऊ शकते. त्यात वसंतात माती पाण्याने भिजून मऊ झालेली असते, त्यामुळे काही झाडे मोडत नाहीत, मुळांसकट आडवी होतात. रात्रभर बंदुकीचे बार ऐकू यावेत तसे कडाड् आवाज येत राहतात, मध्येच क्षितिजावर निळसर हिरवा लखलखाट होतो. ती वीज आकाशातली नसते. तारा एकमेकींना किंवा फांदीला भिडल्याची ती ठिणगी असते.

लाइट गेल्यावर पहिला तासभर घरात एक प्रकारची मजाच असते. मुलांना अंधार नवा असतो, शाळेला सुटी ठरलेली असते. मग हळूहळू समजू लागते की घरातली किती कामे विजेच्या जिवावर चालली होती. 'आमचे हीटिंग गॅसवर आहे, विजेचा संबंध नाही,' असे समजणाऱ्यांचा भ्रमनिरास सर्वांत आधी होतो, कारण गॅस जाळून तापवलेली हवा खोल्याखोल्यांत ढकलणारा पंखा आणि भट्टी सुरू-बंद करणारे नियंत्रण दोन्ही विजेवर चालतात. विहीर असेल तर पंप बंद, म्हणजे नळाला पाणी नाही. आणि तळघर असलेल्या घरात वसंतातली खास अडचण उभी राहते: वितळलेल्या हिमाचे आणि पावसाचे पाणी जमिनीतून झिरपत येत असते, ते उपसणारा पंप थांबलेला असतो, आणि वरची मंडळी मेणबत्त्या शोधत असताना खाली खोक्यांमधले जुने फोटो भिजत असतात. लाइट गेल्यावर जी पहिली फेरी मारायची ती तळघरात, असे माझे मत आहे. तेथे पाणी आधीच साचले असेल आणि त्यात विजेच्या वस्तू किंवा सॉकेट बुडाले असतील तर मात्र त्या पाण्यात पाय ठेवायचा नाही.

यापुढचा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण या वादळांत झालेल्या मृत्यूंची कारणे वाचली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. बर्फ आणि थंडीतून वाचलेली माणसे ऊब मिळवण्याच्या धडपडीत दगावतात. जनरेटर, कोळशाची शेगडी, बाहेर स्वयंपाक करण्याचा गॅस ग्रिल, बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी, या सगळ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. परिणामी माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला ऑक्सिजन पोहोचत नाही. सुरुवातीची लक्षणे फ्लूसारखी असतात: डोके दुखते, मळमळते, गरगरते, झोप येते. फरक एवढाच की ताप नसतो आणि घरातल्या सगळ्यांना, कधी कधी कुत्र्यामांजरालाही, एकाच वेळी हे होऊ लागते. बाहेर पडून मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटू लागले तर शंका जवळजवळ खरी समजावी, पुन्हा आत जाऊ नये आणि तातडीच्या सेवेला फोन करावा.

म्हणून जनरेटर नेहमी घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान सहा मीटर दूर आणि धूर घराच्या विरुद्ध दिशेला जाईल असा ठेवतात. 'गॅरेजचे दार अर्धे उघडे ठेवले आहे' ही सबब या वायूला चालत नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या खोल्यांजवळ असावा. भिंतीतल्या विजेवर चालणारा अलार्म नेमका गरजेच्या वेळी मुका होतो. दुसरी घातक युक्ती म्हणजे जनरेटरची वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसणे. घरातली वीज मग उलट्या दिशेने बाहेरच्या तारेत शिरते, रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढवतो, आणि लाइन बंद आहे या समजुतीने खांबावर चढलेल्या कामगाराला ती लागते. घराचे वायरिंग जनरेटरवर चालवायचे असेल तर इलेक्ट्रिशियनकडून वेगळा ट्रान्सफर स्विच बसवून घेणे एवढाच मार्ग आहे. नाही तर जनरेटरपासून एक्स्टेंशन वायर आणून फ्रिज आणि दोन दिवे त्यावर थेट लावावेत.

मग ऊब कशी टिकवायची? सबंध घर उबदार ठेवण्याचा नाद सोडून द्यावा. स्वस्थ बसलेले माणूस साधारण शंभर वॅट उष्णता देत असते, म्हणजे चौघांचे कुटुंब हा चारशे वॅटचा एक छोटासा हीटरच असतो. तो सात खोल्यांत वाटला तर कोणालाच पुरत नाही, एका खोलीत पुरतो. दक्षिणेकडे खिडकी असलेली लहान खोली निवडावी, दारावर रजई टांगावी, फटींत टॉवेल गुंडाळून खुपसावा, दिवसा ऊन येईल तेव्हा पडदे उघडावेत आणि सूर्य उतरताच बंद करावेत. मुले याला तंबू म्हणतात आणि त्यांना तसे म्हणू द्यावे. मेणबत्त्यांनी ऊब अशी मिळत नाहीच आणि गाद्या-रजयांच्या त्या पसाऱ्यात आग लागण्याची भीती मात्र वाढते, तेव्हा उजेडासाठी टॉर्चच बरी.

त्या खोलीत सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते ते दोन टोकांच्या वयांकडे. तान्ह्या बाळाला मोठ्यांसारखे कुडकुडता येत नाही, आणि वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्रफळ जास्त असल्यामुळे ते लवकर गार पडते. त्याला अंगाबरोबरचे कपडे एकावर एक घालून आपल्या शेजारी, पण स्वतःच्या पाळण्यात ठेवावे. मोठ्यांच्या जाड पांघरुणात घेऊन झोपल्यास त्याचा श्वास कोंडण्याचा धोका असतो. आजी-आजोबांची गोष्ट वेगळी आहे. वयाबरोबर थंडीची जाणीवच बोथट होते, त्यामुळे आजी 'मला काही थंडी वाजत नाही' म्हणते ते खोटे नसते, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना घरातले तापमान किमान १८ अंश असावे असे सुचवते. दुसऱ्या दिवशी ते पुष्कळ खाली आलेले असते. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की बोलणे अडखळते, हातातली वस्तू सुटते, साध्या प्रश्नाचे उत्तर भलतेच येते. ही लक्षणे दिसली तर 'म्हातारपण' म्हणून सोडून न देता वैद्यकीय मदत घ्यावी. घरात कोणी ऑक्सिजनच्या यंत्रावर असेल किंवा इन्शुलिन घेत असेल, तर हलण्याचा निर्णय पहिल्याच दिवशी, उजेड असताना आणि रस्ता ओला असताना घ्यावा. इन्शुलिन गारव्यासाठी खिडकीबाहेर ठेवू नये. एकदा गोठलेले इन्शुलिन निकामी होते.

फ्रिजबद्दलचे नियम थोडक्यात सांगता येतात. दार न उघडल्यास फ्रिजमधले अन्न सुमारे चार तास सुरक्षित राहते, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास टिकतो. चार अंशांच्या वर दोन तासांहून अधिक राहिलेले दूध, मांस आणि शिजवलेले अन्न टाकून द्यावे; चव घेऊन पाहण्यात अर्थ नाही, कारण घातक जंतूंना चव असतेच असे नाही. बाहेर एवढा बर्फ असताना अन्न घरात का ठेवायचे, असा प्रश्न प्रत्येक घरात कोणीतरी विचारतेच. त्याचे उत्तर वसंतातल्या उन्हात आहे: हवा दोन अंशांवर असतानाही उन्हातला बंद डबा आतून बराच तापतो, आणि रात्री प्राणी येतात ते वेगळेच. त्यापेक्षा आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यांत पाणी भरून ते बाहेर गोठवावे आणि फ्रिजमध्ये आणून ठेवावे.

मुलांचे म्हणाल तर पहिला दिवस पत्ते, गोष्टी आणि सावल्यांचे खेळ यांत जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी 'लाइट कधी येणार?' हा प्रश्न दर दहा मिनिटांनी येऊ लागतो, आणि त्याचे उत्तर खरे सांगितलेले बरे: आधी मोठ्या मनोऱ्यांवरच्या वाहिन्या, मग उपकेंद्रे, मग हजारो घरांना पुरवणाऱ्या मुख्य तारा, मग गल्लीतली शाखा आणि सर्वांत शेवटी एकेका घराची जोडणी, या क्रमाने काम चालते. समोरच्या घरात दिवे आहेत आणि आपल्याकडे नाहीत यात पक्षपात नसतो; ते घर बहुधा दुसऱ्या वाहिनीवर असते. आपल्या घराच्या भिंतीवरचा तार घेणारा पाइपच फांदीने उखडला असेल तर मात्र गल्लीत वीज येऊनही उपयोग नाही. तो पाइप सहसा घरमालकाचा असतो आणि खासगी इलेक्ट्रिशियनने तो दुरुस्त केल्याखेरीज जोडणी मिळत नाही, तेव्हा पहिल्या उजेडात बाहेरून, लांबूनच, भिंतीकडे एक नजर टाकावी. जमिनीवर पडलेली कुठलीही तार जिवंत समजून दहा मीटर दूर राहावे. ती केबल टीव्हीची आहे की विजेची हे पाहून सांगता येत नाही, आणि ओल्या जमिनीत तारेपासून दूर जाताना दाब उतरत जात असल्यामुळे दोन पावलांमधल्या फरकानेही धक्का बसू शकतो.

फोनची बॅटरी ही तिसऱ्या दिवशी घरातली सर्वांत मौल्यवान वस्तू होते. बोलण्याऐवजी संदेश पाठवावा, एरवी फोन विमान-मोडवर ठेवावा आणि अंगाजवळ उबेत ठेवावा, कारण गारठलेली बॅटरी लवकर मान टाकते. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासांच्याच असतात, त्यामुळे महत्त्वाचा निरोप 'नंतर बघू' म्हणून ठेवू नये. गाडीत फोन चार्ज करायचा तर ती गॅरेजबाहेर, मोकळ्यावर काढून.

पाइप फुटण्याची भीती अशा वादळात सुरुवातीला फारशी नसते, कारण तापमान शून्याजवळच घुटमळत असते. धोका वादळ गेल्यावर येतो. मागोमाग वायव्येचा कोरडा वारा येतो, आकाश निवळते आणि त्या चांदण्या रात्री पारा धाडकन उतरतो. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते, म्हणून त्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेवावेत, आणि घर सोडून जायचे असेल तर मुख्य नळ बंद करून पाइप रिकामे करावेत. याच वाऱ्यात, बर्फ अंगावर असलेल्या फांद्या दुसऱ्यांदा मोडतात.

वीज परत येण्याआधी हीटर, ओव्हन, गिझर बंद करून फक्त एक दिवा चालू ठेवावा. सगळ्या गल्लीतली थंडगार घरे एकदम भार टाकतात तेव्हा नुकतीच जोडलेली लाइन पुन्हा तुटते, आणि तो एक दिवा लागला की दहा-पंधरा मिनिटांनी बाकीची उपकरणे एकेक करून लावता येतात.

ऊन आले की बर्फ सुटू लागतो आणि हा दिवस दिसतो तितका निर्धोक नसतो. हाताच्या लांबीच्या काचेच्या नळ्या तारांवरून, पन्हाळीवरून आणि झाडांवरून कोसळत राहतात, त्यामुळे मुलांना तेवढी दुपार झाडाखाली सोडू नये. फांद्यांवर काठी मारून बर्फ झाडण्याचा मोह होतो, तोही आवरावा, कारण गोठलेले लाकूड ठिसूळ झालेले असते आणि भार अचानक गेल्यावर फांदी उसळून तडकते. बर्चसारखी लवचीक झाडे तर कमान होऊन शेंडा जमिनीला टेकवतात आणि तेथेच गोठून बसतात. तो शेंडा ओढून काढायचा नाही. ऊन तो दुपारपर्यंत सोडवते, आणि झाड हळूहळू, काही आठवड्यांत, जमेल तेवढे सरळ होते. काही बर्च मात्र पुढे कित्येक वर्षे वाकलेलेच राहतात, आणि कुठली फांदी आतून गेली आहे हे मे महिन्यात बाकीच्या झाडाला पालवी फुटेपर्यंत कळत नाही.